बाणाची काडी सरळ करणारे हात : जव्हार-मोखाड्यातील एका विद्येची हकीकत

धम्मपद ज्यांच्या वाचनात आहे त्यांना चित्तवग्गाची पहिलीच गाथा ठाऊक असेल. मनाला वळण लावण्याच्या कामाला तिथे बाण बनविणाऱ्या कारागिराची उपमा दिली आहे. हाच कारागीर पुढे पंडितवग्गात आणि दंडवग्गातही भेटतो. पालीत त्याला 'उसुकार' म्हणतात. गाथा आपण वाचतो, तिचा अर्थ सांगतो, प्रवचनकार 'मन सरळ करा' असे म्हणून पुढच्या गाथेकडे वळतात. पण हा उसुकार नेमके करतो काय, काडी वाकडी असते म्हणजे कशी असते आणि ती सरळ होते ती कशाने, हे आपण कधी कोणाला विचारले आहे काय? बहुतेकांनी विचारलेले नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे विचारले नव्हते.

उत्तर शोधायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. आपल्याच पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, जव्हार आणि मोखाडा तालुक्यांच्या पाड्यांवर, ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. (जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी; त्याआधी हे सारे ठाणे जिल्ह्यातच मोडत होते.) वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या लोकांच्या घरात तिरकमठा म्हणजे धनुष्यबाण ही कोयत्या-कुऱ्हाडीसारखीच घरची वस्तू होती. ससा, रानपाखरे, ओढ्यातला मासा, आणि शेत राखताना डुक्कर, यासाठी ती लागे.

आज जव्हार-मोखाडा म्हटले की लोकांना एकच शब्द आठवतो, कुपोषण. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची बातमी वर्तमानपत्रांत आली, आणि तेव्हापासून या भागाची ओळख भुकेने झाली. ती भूक खरी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांना काहीच येत नाही अशी माणसे, हे जे चित्र त्या बातम्यांबरोबर शहरात पोचले, ते मात्र साफ खोटे आहे. म्हणूनच या स्मरणिकेत आम्ही एका साध्या काडीचा इतिहास लिहायला घेतला.

आधी काडीचे बघू. धनुष्य कोणत्या लाकडाचे, याची चर्चा पुष्कळ होते. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक असते, संस्कृतात त्या झाडाला 'धन्वन' असे धनुष्याशी नाते सांगणारे नाव आहे. बांबूची कांब तर धनुष्यासाठी सगळीकडेच चालते. पण जुने लोक सांगतात ते वेगळेच. धनुष्य थोडे कमी-जास्त असले तरी हात त्याला सांभाळून घेतो, काडीला मात्र कोणी सांभाळून घेत नाही. धनुष्य तुमच्या हातात राहते, बाण हातातून सुटून जातो.

काडी दोन तऱ्हेची. एक बांबूची किंवा बोरूसारख्या पोकळ गवताची, दुसरी झाडाच्या कोवळ्या सरळ फोकाची. रानात काहीच पुरते सरळ वाढत नाही. फोक उजेडाकडे झुकतो, बांबू प्रत्येक पेराशी थोडा दिशा बदलतो. बांबूची कांडी बहुधा सरळच असते, वाक असतो तो पेराच्या गाठीशी. लाकडाच्या फोकाचे तसे नाही. त्याचा वाक लांबवर पसरलेला असतो, कधी तो एकाच काडीत दोन दिशांना जातो. म्हणून बांबू सरळ करणारा गाठी मोजत जातो आणि फोक सरळ करणारा पूर्ण काडी बोटांखालून फिरवीत जातो. काम एकच, पण हात निराळा चालतो.

तोडण्याचीही वेळ असते. पावसाळ्यात बांबूला नवे कोंब येतात, तेव्हा तोडलेला बांबू कच्चा निघतो. पाऊस सरून हिवाळा लागला की तोडायचा, आणि तोही अंधाऱ्या पंधरवड्यात, असा रिवाज आहे. चांदण्याशी किडीचा संबंध किती हे शास्त्रज्ञांनी ठरवावे, पण हिवाळ्याची गोष्ट खरी आहे. बांबूतले पिठूळ सत्त्व कमी झाले की भुंगा कमी लागतो. तोडलेल्या काड्या एकत्र घट्ट बांधून सावलीत वाळवतात. घट्ट बांधल्या की एक दुसरीला वाकू देत नाही, अर्धे काम तिथेच होते. मग ती जुडी चुलीवरच्या माळ्यावर जाते. धुराने ती पिवळसर-तांबूस होते आणि कीडही दूर राहते.

आता मुख्य काम. निखारे लागतात, जाळ नाही. जाळाने काडी काळी पडते आणि आतून कच्चीच राहते. वाकाची जागा निखाऱ्यावर धरून सारखी फिरवायची, एका बाजूला ऊब जास्त लागता कामा नये. बांबू असेल तर थोड्या वेळाने तो अंगातून तेलकट पाणी सोडतो, ते चिंधीने पुसून काढायचे. ते दिसले की काडी तयार झाली समजायचे. मग दोन्ही अंगठे वाकाच्या पाठीवर टेकवून, बोटांनी दोन्ही टोके आपल्याकडे ओढून, वाक होता त्याच्या उलट दिशेला ती दाबायची. सरळ होईपर्यंत नाही, सरळच्या थोडी पलीकडे. कारण सोडली की ती थोडी मागे उसळते. जाड काडी अंगठ्याला दाद देत नाही, तेव्हा गुडघा घेतात किंवा लाकडाच्या ठोकळ्याला खाच पाडून तिच्यात काडी अडकवतात. "घाई केली तं मोडल," एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला सांगितले. "गरम हाय तवर दाबायची, गार होईस्तवर सोडायची नाय." गार होईपर्यंत धरून बसणे हाच यातला कंटाळवाणा भाग, आणि बहुतेक नवशिके इथेच चुकतात असेही ते म्हणाले.

यात विज्ञान आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. लाकडाच्या आत लांब लांब तंतू असतात आणि त्या तंतूंना जोडणारा लिग्निन नावाचा डिंकासारखा पदार्थ असतो. लाकडात थोडा ओलावा असेल तर उकळत्या पाण्याच्या आसपासच्या उष्णतेला हा डिंक नरम पडतो, तंतू एकमेकांवरून किंचित सरकतात. गार झाले की डिंक पुन्हा घट्ट होतो आणि नवा आकार धरून ठेवतो. उष्णता फार झाली तर लाकूड जळू लागते आणि ठिसूळ होते. फार कमी झाली तर डिंक सुटतच नाही, काडी दाबली की सरळ दिसते आणि रात्रीतून पुन्हा वाकते. मधली जागा हाताने ओळखायची. तिथे मोजमापाचे यंत्र नसते.

काडी इतकी सरळ कशाला लागते? बाण सुटताना दोरी त्याला मागून ढकलते आणि काडी क्षणभर सापासारखी वळवळते, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून पुढे निघते. ही वळवळ दोन्ही बाजूंनी सारखी असली तर बाण पिसांच्या आधाराने लवकर स्थिर होतो. काडीत आधीच वाक असेल तर एका बाजूची वळवळ जास्त होते आणि बाण भलतीकडे जातो. पिसे चूक दुरुस्त करतात, पण थोडीच. आजच्या स्पर्धांतले कार्बनचे बाण इंचाच्या काही हजारांश भागापर्यंत सरळ असावे लागतात, आणि ते यंत्रावर होतात. पाड्यावरचा माणूस तेच माप डोळ्याने घेतो.

या डोळ्याबद्दल आता सांगायला हवे, कारण इथे पाली साहित्य आपल्याला येऊन मिळते. महाजनक जातकात राजा महाजनक राज्य सोडून निघतो. थूणा नावाच्या नगरात त्याला एक उसुकार काम करताना दिसतो. तो बाण निखाऱ्यावर तापवितो, आंबट कांजीने ओला करतो, आणि एक डोळा मिटून दुसऱ्याने काडीकडे पाहत सरळ करतो. राजा त्याला एक डोळा मिटण्याचे कारण विचारतो. तो जे सांगतो त्याचा आशय असा की, दोन डोळ्यांनी पाहिले तर नजर पसरते आणि वाक सापडत नाही, एकाने पाहिले तर सापडतो. कथेला यातून एकांतवासाचा उपदेश काढायचा आहे, तो तिने काढावा. आपल्याला इथे महत्त्वाचे वाटते ते हे की, कथा लिहिणाऱ्याने हे काम जवळून पाहिले होते. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी एखाद्या सुतारदादाला फळीची कड तपासताना बघावे. तोही एक डोळा मिटतो. (जातकांचे मराठी भाषांतर दुर्गाबाई भागवतांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने केले आहे, ते आपल्या विहाराच्या ग्रंथालयात असायला हवे.)

कांजीचा तपशील तर फारच बोलका आहे. कांजी म्हणजे आंबवलेली पेज. नागलीची आंबील ज्या घरात रोज होते त्या घराला हे समजावून सांगावे लागत नाही. वाळलेली काडी निखाऱ्यावर धरली तर वरून करपते, ओली केली तर ओलावा उष्णता आत नेतो आणि करपू देत नाही. कांजीच का, नुसते पाणी का नाही? आम्हाला वाटते, पेजेतला चिकटपणा काडीवर थोडा वेळ टिकतो, पाणी लगेच उडून जाते. शिवाय ती प्रत्येक गरिबाच्या घरात असतेच.

दुसरा पुरावा मज्झिम निकायातील देवदह सुत्तात आहे. तिथे उसुकार दोन पेटत्या कोलितांच्या मध्ये काडी तापवून सरळ करतो असे वर्णन आले आहे. दोन्हीकडून सारखी ऊब लागावी म्हणून दोन कोलिते, हे वर सांगितलेल्या फिरवण्याशी ताडून पाहावे. भगवंत त्या सुत्तात देहाला फुकट कष्टविणाऱ्या तपस्येचा विचार करीत आहेत, आणि त्यांचा मुद्दा कारागिराच्या हातातूनच निघतो. काडी सरळ होऊन कामाला आली की उसुकार तिला पुन्हा तापवीत बसत नाही. ज्याने कधी काडी तापवली आहे त्यालाच हे कळते की जास्तीची आच काडीला बळ देत नाही, तिचा नाश करते. अर्थात आपल्या जव्हारच्या पावसाचा हिशेब त्या सुत्तात नाही. इथे चार महिने ओल असते आणि सरळ केलेली काडी श्रावणात पुन्हा वाकते. मग पावसाळा सरल्यावर सगळे बाण खाली काढून एकेक पुन्हा पाहावा लागतो.

तिसरे सुत्त चूळमालुंक्य. विषारी बाण लागलेला माणूस बाण काढू देण्याआधी कसले कसले प्रश्न विचारत बसतो, तो प्रसिद्ध दृष्टांत. प्रश्न निरर्थक आहेत हे सांगण्यासाठीच ते दिले आहेत. तरी इतिहास शोधणाऱ्याला त्यात खजिना सापडतो. काडी रानातली की लावलेल्या झाडाची, दोरी रुईच्या धाग्याची की स्नायूची, पिसे गिधाडाची की मोराची, अशी ती यादी आहे. म्हणजे त्या काळी बाणाची काडी मुद्दाम लावून वाढवीतही असत.

आणि आता गाथांकडे परत. चित्तवग्गात उसुकार काडी 'सरळ करतो' असे आहे. पंडितवग्गात आणि दंडवग्गात मात्र क्रियापद वेगळे आहे, ते आहे 'वाकवण्याचे'. पुष्कळ भाषांतरांत दोन्हीकडे 'सरळ करतो' असेच लिहितात, कारण भाषांतर करणाऱ्याला वाटते की बाण वाकवून कसे चालेल! पण अंगठे ठेवून काडी उलट दिशेला दाबणारा माणूस पाहिला की यात विसंगती राहत नाही. वाकवल्याशिवाय ती सरळ होतच नाही. पंडितवग्गाच्या त्या गाथेत उसुकाराच्या जोडीला पाट काढून पाणी नेणारा आणि लाकूड घडविणारा सुतार आहे. शहाण्या माणसाला शोभणारी उपमा म्हणून तिथे राजा, सेनापती किंवा पुरोहित नाही. तिघेही हाताने काम करणारे आहेत.

काही उपासक यावर आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. बाण हे जीव घेण्याचे साधन. पहिले शील हिंसेपासून दूर राहण्याचे, आणि अंगुत्तर निकायात उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार आहे, मांसाचाही आहे. मग बाण करणाऱ्याचे कौतुक कशाला? आम्हाला असे दिसते की भगवंतांनी त्याच्या धंद्याला शाबासकी दिलेली नाही, त्याच्या हाताच्या शिस्तीला दिली आहे. दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. शिकारीबाबत तर आपल्या जिल्ह्यातच एक दगडी पुरावा निघाला. सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषयच हा की, पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, अशोकाने त्या सोडून धम्मयात्रा सुरू केल्या. पण राजाची शिकार ही करमणूक होती. पाड्यावरच्या माणसाची शिकार ही भाकरीसोबतचे कालवण होते. दोहोंना एकाच तराजूत तोलणे आम्हाला पटत नाही.

या कारागिरांची नावे इतिहासात का नाहीत? जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखात वंशकारांच्या, म्हणजे बांबूचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे त्या काळी बांबूकाम करणारे संघटित होते, त्यांची पत होती. डोंगरातल्या माणसाला मात्र अशी श्रेणी नव्हती, तो स्वतःपुरते करी. त्याची आठवण ग्रंथांत राहिली ती एकलव्याच्या रूपाने. गुरुदक्षिणेत अंगठा गेला म्हणजे नेम गेला, असे आपण समजतो. पण काडी दाबायलाही अंगठाच लागतो. निषादाच्या पोराची एक नव्हे, दोन विद्या एका घावात गेल्या.

नंतरच्या काळात अंगठा कोणी मागितला नाही, रानच मागितले. १८७८ च्या जंगल कायद्याने ठाण्याच्या इंग्रजी मुलुखातली राने राखीव झाली. ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ चा. मोखाडा पेठा इंग्रजी अमलात होता, जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. १९२७ च्या जंगल कायद्याने बांबूला 'झाड' ठरविले, म्हणजे राखीव रानातली बाणापुरती काडी तोडणे हादेखील गुन्हा होऊ शकत होता. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीवर बंधने आली. तो कायदा आवश्यक होता असेच आमचे मत आहे, कारण तोवर रानात जनावर उरले नव्हते. पण रान उजाड केले ते तिरकमठ्याने नव्हे, कुऱ्हाडीच्या ठेक्यांनी आणि बंदुकीने. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला आणि त्यावरचा हक्क ग्रामस्थांना कागदावर परत मिळाला. तोपर्यंत काडी सरळ करणारे हात म्हातारे झाले होते.

हे केवळ आपल्याकडचेच काम आहे असेही नाही. १९९१ साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया-इटलीच्या हद्दीवर, बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. त्याच्या भात्यात चौदा बाण होते, त्यांतले दोनच पुरे झालेले. उरलेल्या बारा नुसत्या काड्या, झुडपाच्या लांब फोकांच्या. डोंगरात फिरताना तो अर्धे काम पाठीवर घेऊन चालला होता. युरोपातल्या गुहांत शिंगाला भोक पाडलेली हत्यारे सापडतात, ती काड्या सरळ करण्यासाठीच असावीत असे काही अभ्यासक मानतात.

आज या दोन तालुक्यांत तिरकमठा दिसतो तो मुख्यतः वारली चित्रांत, मिरवणुकीत आणि बोहाड्याच्या सोंगांच्या हातात. सोंगाच्या हातातला बाण सरळ असण्याची गरज नसते, तो सुटायचाच नसतो. त्यामुळे धनुष्य उरले आणि काडीची विद्या गेली, असे होऊ लागले आहे. आश्रमशाळेतल्या पोरांना तिरंदाजी शिकवायची तर तयार बाण विकत आणावे लागतात, आणि ते महाग पडतात. शेजारच्या पाड्यावर बाबा बसलेले असतात, पण त्यांना शाळेत बोलवावे हे कोणाला सुचत नाही.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांचे जव्हार-मोखाड्याकडे जाणे-येणे असते, कोणी शिक्षक आहेत, कोणी एस.टी.त, कोणी दवाखान्यात. घरी जुना बाण असलेली, किंवा काडी सरळ करता येणारी व्यक्ती भेटली तर एवढे लिहून आणावे : काडी कोणत्या झाडाची, त्या झाडाला तिकडे काय नाव आहे, कोणत्या महिन्यात तोडतात, तापवताना काय लावतात (पाणी, तेल की पेज), आणि वाकाला त्यांच्या बोलीत काय म्हणतात. शक्य तर एका काडीवर काम करताना बघावे आणि किती वेळ लागला तो घड्याळात पाहून लिहावा. कागद विहाराच्या कार्यालयात रविवारी सकाळी वंदनेनंतर घेतले जातील.